सामुदायिक बालगायन : परंपरा, पद्धती आणि प्रयोजन
(राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी समाजात लहान मुलांनी एकत्र येऊन गाणे ही नवलाची बाब नाही. शाळेचा परिपाठ, भजनाची बैठक, दिंडी, गणेशोत्सवातील आरती, विहारातील वंदना, आश्विनातील भुलाबाई अशा अनेक निमित्तांनी मूल समूहात गात असते. मात्र या गाण्याकडे स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. संगीताच्या अभ्यासकाला ते फार साधे वाटते. शिक्षणशास्त्राचा अभ्यासक त्याला 'सहशालेय उपक्रम' या सदरात टाकून मोकळा होतो, तर संतसाहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष गाणाऱ्या मुलांपेक्षा गायिल्या जाणाऱ्या पदांकडे असते. परिणामी ज्या गायनातून विदर्भातील कित्येक पिढ्यांना सुराची, तालाची आणि एकत्र बसण्याची पहिली ओळख झाली, ते गायन नोंदीविनाच राहिले.

प्रस्तुत लेखात वणी परिसराची व एकूण विदर्भाची पार्श्वभूमी लक्षात घेऊन मुलांच्या सामुदायिक गायनाचा विचार केला आहे. त्यातही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रूढ केलेली सामुदायिक प्रार्थना व तिच्याभोवती उभा राहिलेला बालसमुदाय हा विवेचनाचा केंद्रबिंदू आहे. अशा गायनाची कसोटी कोणती मानावी, किती मुले सुरेल गायिली ही की किती मुलांना गाण्यात जागा मिळाली ही, हा या विवेचनामागील प्रश्न होय.

समूहगान आणि सामुदायिक गायन

समूहगान, वृंदगान आणि सामुदायिक गायन हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. तथापि त्यांत महत्त्वाचा भेद आहे. वृंदगानात निवडलेले गायक असतात, त्यांचा सराव झालेला असतो आणि समोर श्रोते असतात. सामुदायिक गायनात गाणारे व ऐकणारे असे दोन वर्ग पडत नाहीत. जो उपस्थित आहे तो गातो. युरोपातील गायकवृंदात वेगवेगळे आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरावली गातात व त्यांच्या मेळातून स्वरसंवाद निर्माण होतो. आपल्याकडील सामुदायिक गायन बहुधा एकस्वरी असते, म्हणजे सर्वजण एकच चाल गातात. हे गायन त्यामुळे कमी दर्जाचे ठरते असे समजण्याचे कारण नाही. एकस्वरी गायनात नवख्याला शेजाऱ्याचा आवाज धरून चालता येते. स्वतंत्र स्वरावली सांभाळावयाची असेल तर ती सोय उरत नाही.

भुलाबाई : शिक्षकाविना शिकविणारी शाळा

विदर्भात व खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भुलाबाईचा उत्सव चालतो. मुली सायंकाळी एकमेकींच्या घरी जमतात, भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीपुढे टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखतात. यात लोकाचार आहे, स्त्रीजीवनाचे दर्शन आहे, आणि अभ्यासकांनी त्या अंगाने त्याची दखल घेतलीही आहे. येथे त्याची दुसरी बाजू पाहावयाची आहे. महिनाभर रोज तीच गाणी कानावर पडल्यामुळे पाच-सहा वर्षांची मुलगी ती न शिकविता शिकते. मोठ्या मुली ओळ उचलतात, लहान मुली आधी केवळ शेवटचा शब्द उच्चारतात, पुढे धृपदात सामील होतात आणि दोन-तीन वर्षांत स्वतः ओळ उचलू लागतात. चाली चार-पाच स्वरांच्या आत फिरतात. लहान मुलाच्या आवाजाचा सहज आवाका तेवढाच असतो. कोणीही स्वरलिपी वाचत नाही, कोणाला वगळले जात नाही आणि चुकल्यास कोणी थांबवीतही नाही.

भजनी मंडळाची रचनाही याच तत्त्वावर उभी आहे. पुढे बसलेला गायक ओळ म्हणतो, मागचे झील धरतात. टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटी बसलेले मूल टाळ सांभाळता सांभाळता ताल शिकते. आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केरवा त्याच्या हाताला आधी येतो आणि शब्दांचा अर्थ पुष्कळदा नंतर कळतो. सामुदायिक बालगायनाच्या ज्या आधुनिक चळवळी पुढे उभ्या राहिल्या, त्यांना ही भूमी आधीच नांगरून मिळाली होती.

संगीतशिक्षणातील वळण

विसाव्या शतकाच्या आरंभी गाणे हे प्रतिष्ठित घरातील मुलामुलींनी शिकण्याची गोष्ट मानली जात नव्हती. ती समजूत बदलण्याचे मोठे श्रेय पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांना जाते. कुरुंदवाडला जन्मलेल्या या गायकाने ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. घराण्याच्या बंद दारांआड एकेका शिष्याला दिली जाणारी विद्या त्यांनी वर्गात आणली. त्यासाठी स्वरलिपी तयार केली, पाठ्यपुस्तके छापली. 'संगीत बालप्रकाश' हे त्यांच्या पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत राष्ट्रगीत गाण्याची प्रथा रुजविण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

त्यांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात संगीतशिक्षक म्हणून गेले. 'आश्रम भजनावली'चे संकलन त्यांचे. १९३० च्या दांडीयात्रेतही ते सहभागी होते. आश्रमाच्या सकाळ-सायंकाळच्या प्रार्थनेत लहानथोर एकत्र बसत, अनेक धर्मांतील व भाषांतील पदे गात. पुढे १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात संगीताला स्थान देण्यात आले. वर्धा व वणी यांमधील अंतर फार नाही. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील गावांत या प्रयोगांचे पडसाद पोहोचणे स्वाभाविक होते.

याच सुमारास हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२-१९६७) वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षापर्यंत आले होते. साधारण १९२५ पासून त्यांनी मुलांच्या गायकवृंदांकडे लक्ष वळविले. संगीत ही सर्वांची मालमत्ता आहे, तिचे पहिले साधन मुलाचा स्वतःचा आवाज आहे आणि आरंभ मातृभाषेतील लोकगीतांपासून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या वऱ्हाडातील मुलीला कोदाय यांचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते, पण त्यांच्या पद्धतीचा पहिला धडा तिने गिरविलेलाच होता.

खंजिरीपासून प्रार्थनेपर्यंत

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. प्राथमिक शाळेच्या पलीकडे त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात ते लहानपणीच भजनात रमले. 'तुकड्या' हे नाव त्यांना गुरूंकडून मिळाले. सामुदायिक गायनाचा पुढे एवढा विस्तार करणारी व्यक्ती स्वतः बालपणी भजनाच्या बैठकीत घडलेली होती, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

त्यांचे वाद्य खंजिरी. लाकडी कड्यावर एका बाजूने चामडे ताणलेले, कड्यात झांजा बसविलेले हे लहानसे वाद्य खेड्यात सहज मिळते, एका हातात मावते आणि दहा वर्षांच्या मुलालाही पेलते. पेटी-तबल्याची जुळवाजुळव परवडत नसलेल्या वस्तीतही खंजिरीवर भजन उभे राहते. १९५५ मध्ये जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेला गेलेल्या महाराजांनी तेथेही हेच वाद्य वाजविले. विदर्भात आजही भरणाऱ्या खंजिरी भजन स्पर्धांचा उगम या परंपरेत आहे.

१९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्रामला सुमारे महिनाभर राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टी भागात जो उठाव झाला, त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा असल्याचे सरकारला वाटत होते. त्या वर्षी त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. गाणाऱ्या समुदायाचे सामर्थ्य परकीय सत्तेने बहुधा आपल्या विद्वानांच्या आधी ओळखले.

तुरुंगवासानंतरच्या काळात श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगावी पसरल्या आणि त्यांच्याबरोबर सामुदायिक प्रार्थनाही पसरली. सकाळी सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा तिचा क्रम. सर्वांनी ठरलेल्या वेळी येऊन सरळ रांगांत शांतपणे बसावे, कोणा एका दैवताच्या मूर्तीऐवजी अधिष्ठान मांडावे, ठरलेली पदे सर्वांनी मिळून म्हणावीत आणि शेवटी राष्ट्रवंदना व्हावी अशी तिची रीत आहे. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ग्रामगीते'च्या ४१ अध्यायांपैकी एक अध्याय सामुदायिक प्रार्थनेलाच वाहिलेला आहे. गावातील निरनिराळ्या जातींच्या व पंथांच्या लोकांनी आपापल्या उपासना वेगळ्या ठेवल्या तरी दिवसातून एकदा तरी एका ठिकाणी बसावे, त्यातून गावाला शिस्त व एकोपा लाभेल, हा तेथील विचाराचा गाभा होय.

या बैठकीचे सामाजिक मोल समजण्यासाठी त्या काळाची आठवण ठेवावी लागते. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य समाजाला सत्याग्रहाची चळवळ उभारावी लागली होती. ज्या जिल्ह्यात देवळाचा उंबरठा ओलांडण्यासाठी लढा द्यावा लागत होता, त्याच जिल्ह्यातील एक साधू पुढील दोन दशकांत सर्व जातींच्या मुलांना एकाच सतरंजीवर, एकाच रांगेत बसवून गावयास लावीत होता. गाण्याचे शब्द बाजूला ठेवले तरी बसण्याची ही रीत हेच एक विधान होते. प्रौढांपेक्षा मुले या रांगेत लवकर रुळतात हे सांगावयास नको.

बालसमुदाय आणि गाण्याची पद्धत

गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यात मुलांना वेगळे स्थान आहे. उन्हाळ्याच्या सुटीत विदर्भात ठिकठिकाणी सुसंस्कार शिबिरे भरतात. पहाटे उठणे, ध्यान, ग्रामसफाई, व्यायाम, लेझीम, भाषणाचा सराव आणि सायंकाळी प्रार्थना व भजन असा दिवस आखलेला असतो. वणी, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतील खेड्यांना ही पद्धत अपरिचित नाही.

शिबिरात आलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी संगीताचे शिक्षण घेतलेले नसते. त्यांना पाच-सहा पदे अल्प काळात कशी येतात? येथे मौखिक परंपरेची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. प्रथम संपूर्ण पद मोठ्यांच्या तोंडून ऐकविले जाते. मग धृपद ओळीओळीने म्हणून घेतात. धृपद पक्के झाले की अंतरे एक मुलगा किंवा मुलगी म्हणते आणि बाकीचे धृपदावर परत येतात. प्रत्येक अंतऱ्यानंतर परिचित जागी परतण्याची ही सोय मुलांना फार आधार देते. अंतरा विसरला तरी कोणी गाण्याबाहेर पडत नाही. महाराजांनी मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत रचना केल्या, त्यांची शब्दकळा बोलीच्या जवळची ठेवली आणि चाली लोकांच्या ओठांवरच्या घेतल्या, त्यामुळे पाठांतराचे ओझे कमी झाले.

एका बाबतीत मात्र या गायनात सर्रास चूक होते आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. ती म्हणजे षड्जाची पट्टी. भजन घेणारा पुरुष पेटीवर आपल्या सोयीची, म्हणजे साधारण काळी एक किंवा पांढरी दोन ही पट्टी धरतो. मुलांना त्याच्याइतके खाली जाता येत नाही, म्हणून ती आपोआप एक सप्तक वर गातात. धृपद मध्य सप्तकात असेपर्यंत निभावते. अंतरा तार गंधार-पंचमाकडे झेपावला की आवाज ताणले जातात, कोवळे गळे ओरडू लागतात आणि शिक्षक समजतो की मुलांमध्ये जोश आला. वयात न आलेल्या मुलाचा आवाज उंचीच्या दृष्टीने स्त्रीच्या आवाजाच्या जवळ असतो. त्याला काळी चार किंवा काळी पाच ही पट्टी सोयीची जाते. गावातील एखादी गाणारी महिला किंवा मोठी मुलगी पुढे बसविली की हा प्रश्न पुष्कळ अंशी सुटतो. भुलाबाईच्या बैठकीत तो कधी निर्माणच झाला नव्हता, कारण तेथे पट्टी धरणारी स्वतः एक मुलगी असे.

दुसरा प्रश्न मुलग्यांच्या आवाज फुटण्याचा. साधारण बारा ते पंधरा या वयात स्वरतंतूंची लांबी-जाडी वाढते व आवाज खाली उतरतो. या संक्रमणाच्या काळात काल उत्तम गाणारा मुलगा आज बेसूर होतो, लाजतो आणि बैठकीला येणे सोडतो. येथे खंजिरी व टाळ उपयोगी पडतात. वर्षभर त्याच्या हाती ताल दिला, झेपेल तेवढेच खालच्या स्वरांत म्हणू दिले, तर तो समुदायातून निसटत नाही.

शाळा, मंच आणि स्पर्धा

स्वातंत्र्याच्या आसपास समूहगानाला आणखी काही प्रवाह येऊन मिळाले. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतून आणि कलापथकांतून समतेची व श्रमाची गाणी मुलांच्या तोंडी आली. साने गुरुजींची मानवधर्माची प्रार्थना तर महाराष्ट्रातील शाळाशाळांत पोहोचली. संगीतकार वसंत देसाई (१९१२-१९७५) यांनी शालेय मुलांच्या भव्य समूहगानाचा ध्यास घेतला होता. 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटासाठी त्यांनी स्वरबद्ध केलेली प्रार्थना पुढे देशभरातील शाळांच्या परिपाठात रुजली. चित्रपटाच्या पडद्यावरून शाळेच्या पटांगणात उतरलेले असे गाणे विरळाच. २०२३ मध्ये महाराष्ट्राने अधिकृत राज्यगीत स्वीकारले व तेही शाळांतून म्हटले जाऊ लागले.

या प्रवासात एक बदल हळूहळू घडला. परिपाठात सर्व मुले उभी असतात, परंतु ध्वनिक्षेपकासमोर चार-पाच निवडक मुली गातात आणि उरलेले ऐकतात किंवा ओठ हलवितात. स्नेहसंमेलनात आणि समूहगीत स्पर्धेत संघाची संख्या ठरलेली असते. एवढ्याच जागा असल्याने निवड अटळ होते. ज्याचा सूर लागत नाही त्याला 'तू मागे उभा राहा आणि फक्त तोंड हलव' असे सांगितले जाते. हे वाक्य ऐकून आयुष्यभर न गायिलेली माणसे आपल्या आसपास किती असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही.

स्पर्धेचे काही फायदे नाकारता येणार नाहीत. तिच्यामुळे सराव होतो, गावाबाहेरची मंडळे ऐकावयास मिळतात, खेड्यातील मुलाला मंच मिळतो. खंजिरी भजन स्पर्धांनी तर एक लोप पावू शकणारी वादनपद्धती टिकवून धरली आहे. प्रश्न इतकाच की स्पर्धेचे निकष रोजच्या बैठकीत शिरले की बैठकीचे रूप पालटते. परीक्षकाला ऐकू जाईल असे गाणे आणि शेजाऱ्याला सामावून घेईल असे गाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी सर्वांत कच्चा आवाज काढून टाकावा लागतो. दुसऱ्याची सुरुवातच त्याच्यापासून होते.

समुदाय कोणाचा?

वणी हे एकेकाळी जिल्ह्याचे नाव होते. १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. लोकनायक बापूजी अणे यांचे (जन्म १८८०) हे जन्मगाव. कापसाच्या या बाजारपेठेभोवती पुढे कोळशाच्या खाणी वाढल्या आणि खाणकामासाठी दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबे आली. परिसरात मराठीच्या वऱ्हाडी छटेबरोबर हिंदी, तेलुगू, गोंडी, कोलामी या भाषा घरोघरी बोलल्या जातात. अशा ठिकाणी 'सामुदायिक' हा शब्द उच्चारताना कोणता समुदाय अभिप्रेत आहे हे तपासून घ्यावे लागते.

१९५६ मध्ये नागपूरच्या धर्मांतरानंतर विदर्भातील बौद्ध कुटुंबांतील मुलांनी स्वतःची सामुदायिक वंदना आत्मसात केली. विहारात रांगेत बसून पाली गाथा म्हणणारी आणि जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीते गाणारी ही मुले म्हणजे विदर्भातील दुसरा मोठा बालवृंदच होय. शिस्त, एकस्वरी गायन, पाठांतर या बाबतीत त्याचे गुरुदेव प्रार्थनेशी साम्य आहे. प्रेरणा मात्र वेगळी आहे, आणि ती वेगळी राहणार हे मान्य केले पाहिजे. सामुदायिक प्रार्थनेचा आशय कितीही व्यापक असला तरी तिची परिभाषा भक्तिपरंपरेतील आहे. सर्वांना ती आपली वाटेलच असे गृहीत धरणे योग्य होणार नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार राज्याच्या निधीतून पूर्णतः चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेतील विद्यार्थ्याला त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीविना धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. मंडळाची बैठक आणि शाळेचा परिपाठ यांत सीमारेषा आखणे म्हणूनच आवश्यक ठरते. शाळेने सामुदायिक प्रार्थनेतून घ्यावयाची असेल ती तिची बैठक, तिची सर्वसमावेशक रांग. पदांची निवड समोर बसलेल्या मुलांकडे पाहून करावी लागेल. कोलामी घरातील मुलाचे एखादे गाणे, भुलाबाईची एखादी चाल, समतेचे एखादे गीत एकाच सत्रात बसू शकते. शिक्षकाला ते आधी स्वतः शिकावे लागेल, ही खरी अडचण आहे.

अशा प्रयत्नांचे दाखले अन्यत्र आहेत. अमेरिकेतील शिकागो शहरात १९५६ मध्ये, म्हणजे 'ग्रामगीते'च्या प्रकाशनानंतर लगेचच, ख्रिस्तोफर मूर नावाच्या धर्मोपदेशकाने निरनिराळ्या वंशांच्या मुलांना एकत्र गावयास लावणारा बालवृंद स्थापन केला. चर्चमध्ये जन्मलेल्या त्या वृंदाने पुढे स्वतंत्र संस्थेचे रूप घेतले, शाळाशाळांत शाखा काढल्या आणि अनेक देशांची व पंथांची गाणी आपल्या संग्रहात घेतली. काळ्या आणि गोऱ्या मुलांनी खांद्याला खांदा लावून उभे राहणे हा त्या वृंदाचा आरंभीचा हेतू होता. मोझरी आणि शिकागो यांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरीही विषमतेवर दोन्ही ठिकाणी मुलांच्या एकत्र गाण्याचा उपाय सुचावा, हे विचार करण्यासारखे आहे.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. वर्धा नदी ओलांडली की वरोरा आणि तेथील आनंदवन लागते. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. तेथेच डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद आकाराला आला. त्यात अंध, अपंग, मूकबधिर आणि कुष्ठमुक्त कलावंत एकत्र सादरीकरण करतात. ज्याला ऐकू येत नाही तो गाऊ शकत नाही, म्हणून तो वृंदात बसू शकत नाही, असा निष्कर्ष तेथे काढला गेला नाही. त्याला नृत्यात आणि तालाच्या हालचालीत स्थान मिळाले.

गावातील बैठकीतही हे करता येते, आणि त्यासाठी फार साधने लागत नाहीत. ज्याचा सूर डळमळतो त्या मुलाला शेवटच्या रांगेत न ठेवता सूर पक्का असलेल्या दोन मुलांच्या मधोमध बसवावे. दोन्ही कानांनी तीच चाल ऐकू आली की पुष्कळ मुलांचा सूर काही आठवड्यांत स्थिरावतो. बहुतेक वेळा अशा मुलाचा कान बिघडलेला नसतो. त्याला स्वतःचा आवाज ऐकून तो जुळवून घेण्याची संधीच मिळालेली नसते. धृपद त्याच्याकडून एकट्याने म्हणून घेऊ नये. खंजिरी मात्र त्याच्या हाती अवश्य द्यावी. आवाज अगदीच खाली लागत असेल तर दिवसातील एक पद त्याच्या पट्टीत घ्यावे आणि त्या पदापुरते बाकीच्यांनी खाली उतरावे.